भावाशी बोलत नाही. मग प्रभुभोजनाला उठायचं का?

नगरची_लेक (सोमवार, रात्री ९:५२)

जय ख्रिस्त आणि नमस्कार. इथे ख्रिस्ती मंडळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत हे ठाऊक असूनही धागा काढतेय. कारण हेच आमच्या चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर अर्ध्या तासात अख्ख्या पिंपरी-चिंचवडला कळेल.

आम्ही मूळचे श्रीरामपूर तालुक्यातले, पणजोबांपासून ख्रिस्ती. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. दोन वर्षं डायलिसिसवर काढून २०२१ च्या शेवटी गेले. मागे गावातलं घर, एक एकर दहा गुंठे जमीन, आई, मोठा दादा आणि मी. दादा-वहिनी गावीच असतात, आई त्यांच्याजवळ. मी चिंचवडला, नोकरी.

वडिलांच्या तिसऱ्या वर्षाची स्मरणप्रार्थना झाली, पंगती उठल्या, पाळकसाहेब आशीर्वाद देऊन स्कूटरवर बसले. पत्रावळ्या उचलायच्या होत्या अजून, तेवढ्यात दादाने कागद पुढे केला. हक्कसोड. "सही कर, मला विहिरीवर कर्ज काढायचंय." मी म्हटलं वाचून करते. वहिनी म्हणाल्या, वाचायचं काय त्यात, आम्ही काय परके? मी म्हटलं, परके नाही तर घाई कशाला? शब्दाला शब्द लागला. शेवटी दादा सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "तुला बापाचा हिस्सा पाहिजे, बाप नको होता." मी त्याच रात्रीच्या एसटीने परत आले. तेव्हापासून बोलणं बंद.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. गेले आठ महिने मी उठत नाही. बाकावर पाय आखडून बसते, माझ्यासमोरून बायका डोक्यावर पदर घेत पुढे सरकतात, तिकडे ट्रेमधल्या इवल्या ग्लासांची किणकिण ऐकू येते. पाळकीणबाईंनी एकदा विचारलं, तब्येत बरी आहे ना? परवा मात्र लेकीने विचारलं. ती तेरा वर्षांची, दृढीकरणाच्या (चर्चचं पूर्ण सभासद होण्याआधीच्या) वर्गाला जाते. म्हणाली, "आई, तुला बंदी आहे का?"

तर प्रश्न एवढाच. मनात भावाबद्दल राग ठेवून पुढे जायचं नाही, म्हणून बसून राहणं हा प्रामाणिकपणा आहे, की माझा ताठा? जमिनीचा सल्ला नको आहे. (तरी मिळेलच.)

---

पिंपळपान (सोमवार, रात्री १०:१०)

अज्ञान माफ करा, पण प्रभुभोजन म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे महाप्रसाद असतो तसं का? आणि कोणी घ्यावं, कोणी नाही, हे कोण ठरवतं?

---

नगरची_लेक (सोमवार, रात्री १०:२५)

महाप्रसादाएवढं पोटभर नसतं. :) भाकरीचा एक तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. येशूला धरून नेलं त्याच रात्री त्याने शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतलं, त्याची आठवण. कोणी हात धरून अडवत नाही. त्याआधी वाचन होतं की प्रत्येकाने आपली परीक्षा करावी आणि मग खावं-प्यावं. कोणी करतं, कोणी घड्याळ बघतं.

---

कोर्टकचेरी (सोमवार, रात्री १०:४१)

सल्ला नको म्हणालात तरी मेला हा वकिलीचा धंदा. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागतो. विधवेला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांत सारखे, मुलगा-मुलगी भेद नाही. म्हणजे तुमच्या घरात आई, दादा, तुम्ही, तिघांना बरोबर एकेक तृतीयांश. पन्नास गुंठ्यांचे सतरा-सतराच्या आतबाहेर. गंमत बघा, आमच्या हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने बसायला महाराष्ट्रात १९९४ आणि देशभरात २००५ उजाडलं. तुमच्याकडे इंग्रजाच्या काळापासून कागदावर आहे, तरी हक्कसोड तिकडेही बहिणीच्याच पुढ्यात येते.

हक्कसोड नोंदणीकृत लागते. पत्रावळीशेजारी केलेली सही तशीही कामाची नव्हती.

---

तिखटमीठ (सोमवार, रात्री ११:०२)

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रात लिहिलंय की विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना कोर्टात खेचण्यापेक्षा अन्याय सोसलेला बरा. (१ करिंथ ६.) वकीलसाहेब, तुमच्या धंद्यावर पहिला बहिष्कार बायबलचाच आहे.

ताई, माझं सरळ मत. उठा आणि घ्या. आमच्या चर्चमध्ये बिशीचे पैसे बुडवलेला माणूस पहिल्या रांगेत गुडघे टेकतो. तुम्हीच कशाला शिक्षा भोगायची?

---

कोर्टकचेरी (सोमवार, रात्री ११:०५)

सोसलेला बरा, हे बहिणींनाच का ऐकवतात नेहमी?

---

बावखल (मंगळवार, सकाळी ७:१५)

वसईहून. आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमची पद्धत थोडी वेगळी. पापनिवेदन करायचं (गोव्याकडे कुमसार म्हणतात), मग ख्रिस्तप्रसाद, म्हणजे तुमचं प्रभुभोजन. शिवाय मिस्सात (आमची उपासना) ख्रिस्तप्रसादाच्या आधी शांतीचं अभिवादन असतं. शेजारच्याकडे वळून हात जोडायचे, "ख्रिस्ताची शांती". तिथे खरी पंचाईत होते.

आमच्या आळीत दोन भाऊ. सामाईक बावखल होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बावखल म्हणजे वाडीतलं तळं, पावसाचं पाणी धरणारं. त्याच्या जिवावर केळी, पानवेली, फुलं. धाकट्याला ते बुजवून बिल्डरला द्यायचं होतं, थोरल्याला नाही. सहा वर्षं भांडले. दोघंही दर रविवारी सकाळच्या मिस्साला, एकाच बाकावर, कारण बाक आजोबांपासूनचा. शांतीच्या अभिवादनाला एक डावीकडे वळायचा, एक उजवीकडे. मधल्या माणसाला दोन्हीकडून नमस्कार. तो मधला माणूस मी.

बावखल शेवटी बुजलंच, अर्धं. आता पावसाळ्यात दोघांच्याही ओटीवर पाणी येतं.

यावरून आठवलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले (जानेवारी २०२०) तेव्हा बऱ्याच महाराष्ट्राला शोध लागला की ख्रिस्ती धर्मगुरू असं मराठी लिहितो. वसईत आम्ही त्यांना त्याआधीपासून हरित वसईच्या मोर्चांत पाहिलेलं. झगा घालून पाण्यासाठी आणि झाडांसाठी रस्त्यावर उतरलेला माणूस. तेव्हा कुरकुरणारेही होते, फादरांनी देवळात राहावं म्हणून. कुरकुरणाऱ्यांत काही जण जमीन विकायला काढलेले होते, एवढंच सांगतो.

---

पिंपळपान (मंगळवार, सकाळी ८:३०)

मधल्या माणसाला दोन्हीकडून नमस्कार! आमच्या सोसायटीत माझं हेच चालू आहे.

---

राष्ट्ररक्षक_९९ (मंगळवार, सकाळी ९:४४)

तांदळाच्या पोत्यासाठी धर्म विकलेल्यांच्या वारसांनी प्रामाणिकपणावर धागे काढावेत, हे भारी आहे.

---

जालनेकर (मंगळवार, दुपारी १:२०)

@राष्ट्ररक्षक, उत्तर देतो, कारण प्रश्न नेहमी याच शब्दांत येतो.

माझ्या खापरपणजोबांच्या घरची गोष्ट १८७६-७८ च्या दुष्काळातली. हो, मिशनऱ्यांनी खायला घातलं. घरात हे कोणी लपवत नाही. चार पोरांतली दोन तोवर गेली होती. त्याआधी गावच्या विहिरीवर पाणी भरायची मुभा नव्हती, मेलेली ढोरं ओढायची आणि वर्षाच्या शेवटी बलुत्याला हात पसरायचे. बाप्तिस्मा घेतल्यावर बलुतं गेलं. पोतं एकदाच मिळालं असेल. बलुतं कायमचं गेलं. फायद्याचा हिशोब तुम्हीच मांडा.

आणि पोट भरलेलेही आलेच की. जालन्याजवळ बेथेल गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या मागोमाग लगेच गेल्या नाहीत. वेगळ्या राहिल्या, सोवळं पाळलं, भांडल्या, विचार केला आणि पटल्यावर काही वर्षांनी स्वतःहून गेल्या. टिळकांनीच पुढे १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांसाठी. पोत्यासाठी आलेला माणूस पगार सोडतो का?

---

संपादक (मंगळवार, दुपारी २:०५)

वरचा 'पोत्या'चा प्रतिसाद ठेवला आहे, कारण त्याला उत्तर चांगलं आलं आहे. पुढचा उडवला जाईल.

---

तिखटमीठ (मंगळवार, दुपारी २:३०)

जालनेकर, टाळ्या. पण आपल्या पायाखालचंही बघू या. जात विचारत नाही म्हणतो आपण. मग सोयरीक आली की पहिला प्रश्न, "मूळ गाव कोणतं? आडनाव आधी काय होतं?" चहाचा कप खाली ठेवायच्या आत जात कळलेली असते.

---

आतला_तारा (मंगळवार, रात्री ११:५०)

यासाठी नवीन आयडी काढलाय, ओळख विचारू नका.

कागदावर मी हिंदू, अनुसूचित जातीचा. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत माझं नाव वेगळं आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती बाहेरच. आमच्या वस्तीत दोन घरं लागून आहेत, एकाच पणजोबाची. एक बौद्ध, एक आमचं. विटाळ दोघांना सारखाच मिळाला, दाखला एकाला.

वडिलांनी शाळेत घालताना जे नाव लिहिलं तेच पुढे चाललं. नोकरी लागली. २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात म्हटलं की बाप्तिस्मा घेऊन, चर्चला जाऊन, वर आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही राज्यघटनेची फसवणूक आहे. त्या दिवशी ऑफिसात पेपर माझ्याच टेबलावर आला होता. मी कोडं सोडवत बसलो.

नाताळात सगळे दारात तारा लावतात. आमचा तारा आतल्या खोलीत लागतो, खिडकीचा पडदा ओढून. मुलगा लहान होता तेव्हा वायर बाहेर ओढायचा.

ताई, तुम्ही आठ महिने उठला नाहीत. मी दर महिन्याला उठतो. दुसऱ्या उपनगरातल्या चर्चमध्ये, मागच्या दाराने शिरून. दोघांत प्रामाणिक कोण, मला खरंच सांगता येणार नाही.

---

जालनेकर (बुधवार, सकाळी ६:५५)

@आतला_तारा, तुम्हाला दगड मारणारा मी नाही. आमच्याच घरात दोन चुलते याच कारणाने दोन धर्मांचे आहेत, कागदावर. कायदा काय म्हणतो ते कोर्टाने सांगितलं. पण पडदा ओढायची वेळ कोणी आणली, हेही कधीतरी कोणी विचारावं.

---

कोर्टकचेरी (बुधवार, सकाळी ९:३०)

इथे वकील म्हणून काहीच बोलणार नाही. माणूस म्हणून: तारा लावत राहा.

---

मेथीचा_लाडू (बुधवार, सकाळी ११:१२)

वातावरण फार जड झालं. एक हलका प्रश्न. ऑफिसात गणपतीचा प्रसाद आला की ख्रिस्ती लोक काय करतात? आमच्या शेजारच्या टेबलावरच्या बाई मोदक घेतात, "थँक्यू" म्हणतात आणि तो टेबलाच्या खणात जातो. गेल्या वर्षीच्या मोदकाला बुरशी आली होती, मी स्वतः पाहिली.

---

तिखटमीठ (बुधवार, सकाळी ११:३०)

हा हा. आमच्या ऑफिसातला खण तर म्युझियम आहे.

हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे हो. पौलाने १ करिंथ ८ मध्ये मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नावर अख्खा अध्याय खर्ची घातलाय. म्हणतो, खाल्ल्याने तुम्ही चांगले होत नाही, न खाल्ल्याने वाईट होत नाही. पण तुमच्या खाण्याने दुसऱ्याच्या विश्वासाला ठेच लागत असेल तर जपा. माझी आई खात नाही. मी खाते. आई समोर असली की मी पण खात नाही. बघा, पौल पाळते.

---

दूरदेशी (बुधवार, दुपारी ४:४०)

न्यू जर्सीतून. इथे कोविडपासून सीलबंद कप आले. खाली द्राक्षरस, वर वेफर, मध्ये चांदीचा कागद. माझं तर दर वेळी सीलच उघडत नाही, कपड्यांवर सांडतं. बायको म्हणते आदल्या रात्री भांडलास की असंच होणार.

---

बावखल (बुधवार, संध्याकाळी ६:२०)

खाण्यावरून: पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण तिथेही शाकाहारीच राहिल्या. तिथल्या सिस्टरांना ते काही पटेना, जुन्या धर्माची खोड वाटायची. रमाबाईंनी धर्म बदलला, ताट नाही बदललं. चर्च सांगतं म्हणून गप्प बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच. केडगावला मुक्ती मिशनमध्ये १८९६-९७ च्या दुष्काळातल्या पोरी गाड्या भरभरून आणल्या, तिथे छापखाना घातला आणि हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणायला बसल्या. आम्हाला मात्र नाताळात डुकराचं मटण नसलं तर धर्म बुडाल्यासारखा वाटतो.

---

मेथीचा_लाडू (बुधवार, संध्याकाळी ६:३५)

नाताळात करंज्या पण करता ना? नगरच्या एका मैत्रिणीकडून डबा यायचा, केकचा तुकडा एक आणि करंज्या अठरा.

---

नगरची_लेक (बुधवार, संध्याकाळी ७:००)

करंज्या, अनारसे, चकल्या, सगळं. केक बेकरीतून, करंज्या घरच्या. आमच्या आईच्या करंजीला खसखस जास्त. असो.

करंजीवर आलोच आहोत तर सांगते, आई प्रॉटेस्टंट असूनही दर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या (कॅथलिकांच्या मरियामातेच्या) यात्रेला जायची, मेणबत्ती लावायची. वडील म्हणायचे, मास्तराच्या घरात हे काय? आई म्हणायची, यात्रा तुमच्या मिशनला विचारून भरत नाही.

---

आबा_सोलापूरकर (बुधवार, रात्री ८:४५)

वय ७८. नातवाने टाइप करून दिलं आहे.

मी आणि माझा धाकटा भाऊ अकरा वर्षं बोललो नाही. कारण सांगत नाही, लाज वाटेल इतकं क्षुल्लक. पण आम्ही दोघंही प्रभुभोजनाला उठत होतो. घरं एका भिंतीची, चर्च एकच, वयाने रांग लागायची, त्यामुळे कठड्यापाशी शेजारी शेजारी गुडघे टेकायची वेळ यायची. त्याच्या कोपराला माझं कोपर लागायचं. एकाच ट्रेमधून ग्लास. डोळे मिटलेले. उठलो की तो त्या दाराने, मी या दाराने. अकरा वर्षांत असं शंभरावर वेळा झालं असेल. काही झालं नाही. ना वीज पडली, ना मन बदललं.

मग एका पावसात आमची सामाईक भिंत पडली. सकाळी दोघंही चिखलात उभे. तो म्हणाला, "तुझ्याकडे सिमेंट आहे का?" मी म्हणालो, "दोन पोती आहेत." तेवढंच.

प्रभुभोजनाने आम्हाला जवळ आणलं असं मी म्हणणार नाही. भिंत पडली म्हणून आलो. पाळकसाहेबांना तसं म्हणालो, तर ते म्हणतात, आबा, भिंत पाडली कोणी? त्यांच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही.

---

पिंपळपान (बुधवार, रात्री ८:५०)

आबा, साष्टांग. नातवालाही.

---

पाळकाची_मुलगी (बुधवार, रात्री १०:३०)

तीन दिवस वाचत होते. बाकावर बसून राहण्यामागे ज्या ओळी आहेत त्या नीट वाचू या का?

पहिली मत्तय ५:२३-२४. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. सगळे 'आठवलं' इथवर वाचतात. काय आठवलं? तुझ्या मनात भावाविषयी काही आहे, असं नाही लिहिलेलं. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, असं लिहिलंय. माझे वडील चाळीस वर्षं पाळक होते. ते म्हणायचे, राग मोजायला सगळे तयार असतात, पण वचनात समोरच्याचा राग मोजायला सांगितलाय.

दुसरी १ करिंथ ११, अयोग्य रीतीने खाण्याबद्दलची. ती वाचून कितीतरी आज्या जन्मभर घाबरून मागे बसल्या. पण पौल कशावर चिडलाय? करिंथमध्ये पैसेवाले आधी येऊन जेवून घ्यायचे, पिऊन झिंगायचे, आणि कामावरून उशिरा येणारे गरीब उपाशी राहायचे. एकाच घरातला एक जेवलेला आणि एक उपाशी, यावर तो चिडलाय. परीक्षा करा म्हणतो, पण पुढे लगेच 'आणि मग खा' असंच म्हणतो. घरी जा, असं म्हणत नाही.

ताई, तुम्ही विचारलंत, प्रामाणिकपणा की ताठा. तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये दादाचं एक वाक्य आहे. तुम्ही ते अपमान म्हणून लिहिलंय. मला ते वाचून वाटलं की हक्कसोडीचं भांडण वरवरचं आहे. त्याच्या मनात तुमच्याविषयी काय आहे, ते त्याने पाहुण्यांसमोर सांगून टाकलंय.

जमीन सोडा असं मी अजिबात म्हणत नाही. वकीलसाहेबांचा तृतीयांश तुमचाच आहे.

---

तिखटमीठ (बुधवार, रात्री १०:४२)

"बाप नको होता."

वाचलं परत. हं.

---

कोर्टकचेरी (बुधवार, रात्री १०:५५)

पण त्याने ते शंभर पाहुण्यांसमोर बोलावं का? आणि सहीच्या कागदाबरोबर? त्याच्या दुःखाला मान आहे, पण पंगतीत कागद काढणारा भाऊ मी फार पाहिलेत, सर्व धर्मांचे.

---

पाळकाची_मुलगी (बुधवार, रात्री ११:०३)

मान्य. तो चुकलाच. पण धागा त्याने काढलेला नाही ना.

---

नगरची_लेक (गुरुवार, पहाटे १२:४०)

झोप उडाली. आज काही लिहीत नाही.

---

मेथीचा_लाडू (शुक्रवार, सकाळी १०:००)

ताई, बऱ्या आहात ना? (अवांतर: खसखस किती घालायची, प्रमाण द्या.)

---

नगरची_लेक (रविवार, रात्री ९:१५)

काल गावी जाऊन आले, लेकीला घेऊन. फोन केला तर दादाने उचलला नाही, वहिनींनी उचलला. म्हणाल्या, मोटार चालू करायला गेलेत, लाईट रात्रीची आहे या आठवड्यात. मग म्हणाल्या, येताय तर जेवूनच जा.

मोठं काही घडलं नाही, आधीच सांगते. दादा ओट्यावर बसून होता. लेकीशी बोलला, शाळा कशी काय. माझ्याशी "पाणी घेतलं का?" एवढंच.

मी स्वयंपाकघरात. फळीवर चहा-साखरेच्या डब्यांमागे एक निळी वही होती, तेलाचा डाग पडलेली. मला वाटलं दुधाचा हिशोब. वडिलांच्या डायलिसिसची वही होती. दादाचं अक्षर. तारीख, जीपभाडं, इंजेक्शन, बरोबर कोण. "बाबा, मी." "बाबा, मी." आठवड्याला दोनदा, दोन वर्षं. लॉकडाऊनमध्ये एका पानावर पोलीस पासचा नंबर लिहिलेला. मध्ये मध्ये "ताई आली". दादा मोठा असूनही मला ताई म्हणतो, लहानपणापासून. मी मोजलं. चार वेळा.

पैसे मी दर महिन्याला पाठवत होते. ते वहीच्या शेवटच्या पानावर होतं, सगळं, एकही हप्ता चुकलेला नाही. मी ते पान शोधून काढलं, मग वही ठेवून दिली जागेवर.

वहिनींनी बघितलं मला वही बघताना. पोळ्या लाटत राहिल्या.

निघताना दादाला म्हटलं, "रात्रीचं डायलिसिस असायचं तेव्हा परत कसा यायचास रे?" तो म्हणाला, "यायचो." मग थोड्या वेळाने म्हणाला, "बाबांना जीपमध्ये थंडी वाजायची, खिडकीची काच लागत नव्हती." मग उठून गोठ्याकडे गेला.

सही केलेली नाही. त्याने विचारलं नाही, मी काढलं नाही. बहुतेक करणारही नाही. गाडी काढताना त्याने डिकीत अर्धी गोणी कांदे टाकले. वहिनी म्हणाल्या, न्या, तसाही भाव नाही.

@मेथीचा_लाडू, आईला विचारलं. म्हणाली, डोळ्याने घालायची.

---

कोर्टकचेरी (रविवार, रात्री ९:२२)

कांद्याची पावती घेतलीत का?

(गंमत करतोय. वाचून बरं वाटलं.)

---

आतला_तारा (रविवार, रात्री ११:३०)

काच लागत नव्हती.

---

बावखल (सोमवार, सकाळी ७:०५)

अर्धी गोणी म्हणजे पंचवीस किलो कांदे. फ्लॅटमध्ये पसरून ठेवा, गोणीत सडतील.

---

पिंपळपान (पुढच्या महिन्याचा पहिला सोमवार, सकाळी ९:१०)

धागा वर काढतोय. ताई, कालचा रविवार पहिला होता ना? उठलात का?

---

नगरची_लेक (सोमवार, सकाळी ९:४८)

लेक सकाळपासून माझ्या तोंडाकडे बघत होती. साडी नेसून, पंधरा मिनिटं आधी जाऊन, कडेच्या जागेवर बसले.

पाळकसाहेबांना ताप. त्यांच्याऐवजी एका वडीलधाऱ्या सभासदांनी उपदेश केला, पंचावन्न मिनिटं. दीक्षित पाळकाशिवाय प्रभुभोजन देता येत नाही. पुढच्या रविवारावर गेलं.